कुंकवाखालचं नाव

सन एकोणीसशे सत्तावन्न. माझं वय सत्तावीस. शिक्षण मराठी तिसरी, तीही पुरी नाही. तिसरीच्या मास्तरांनी मला बाकावर उभं राहायला सांगितलं, मी दप्तर उचललं आणि घरी आलो. नंतर दोन वेळा मास्तर स्वतः समजवायला आले, तरी गेलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. लिहिता येतं, वाचता येतं, माणसाला आणखी काय लागतं.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. मी, आई आणि वडील. वडील गिरणीतून निवृत्त होऊन घरी बसलेले, मी त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, दोन मागांवर. चाळीत आम्हाला कुणी आडनावानं हाक मारत नसे. वडील म्हणजे थोरले वलंदेज, मी धाकटा वलंदेज. वलंदेज म्हणजे डच, हॉलंड देशाचा माणूस. ते नाव आम्हाला चाळीनं चेष्टेनं दिलं खरं, पण मसाला आम्हीच पुरवला होता. आमचा मूळपुरुष वलंदेज होता, हे आम्ही येईल त्याला सांगायचो.

आमचं गाव वेंगुर्ल्यापासून खाडीच्या कडेनं चालत दीड तासावर. वेंगुर्ल्यात वलंदेजांची वखार होती. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, कुणाला खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघावं. आमचा मूळपुरुष त्या वखारीत लाकडी पिंपं बांधायचा. जहाजावरचं पाणी, दारू, खारवलेलं मांस, सगळं पिंपातून जायचं, त्यामुळे त्याला काम मुबलक. पुढं वखार उठली, त्याची माणसं जहाजात बसून निघून गेली आणि हा मागं राहिला. का राहिला याची आमच्या घरात तीन कारणं. वडील म्हणत, त्याला ताप भरला होता. काका म्हणत, त्याचं कप्तानाशी भांडण झालं. आई म्हणे, त्याला इथली एक बाई आवडली, तीच आपली मूळआजी, बाकीचं सगळं पुरुषांनी लाजून रचलेलं. मला काकांचं कारण पटतं. घराण्याचा स्वभाव कुठून तरी आलाच असेल.

आमच्या गावची भातशेती खाडीला लागून. उधाणाची भरती आली की खारं पाणी खाचरात शिरायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं गवतही धड उगवायचं नाही. या माणसाच्या देशात म्हणे समुद्र वर आणि जमीन खाली, आणि माणसं बांध घालून समुद्राला बाहेर ठेवतात. त्यानं गावाला तसा बांध घालायला लावला. आत चिकणमाती, बाहेरून जांभा दगड. बांधाला एक लाकडी दार केलं, पिंपाच्या फळ्या जोडाव्यात तसं घट्ट. भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की दार आपलं आपण मिटायचं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी रेटायचं आणि दार उघडायचं. तिथं माणूस बसवायला लागायचा नाही. हे दार बघायला म्हणे आसपासच्या चार गावांचे लोक भाकरी बांधून यायचे आणि ओहोटी लागेपर्यंत बसून राहायचे.

मग गावानं त्याला गावकीत बसवला. गावकी म्हणजे गावाचा कारभार बघणारी मंडळी. पाण्याचे तंटे त्याच्यापुढं यायला लागले. तो मालवणी बोलायचा, न्याय द्यायचा, आणि आई सांगायची की शिव्याही मालवणीतच द्यायचा. तेव्हापासून जत्रेत मानाचा दुसरा नारळ आमच्या घराचा. पावसाळा संपून बांधाची डागडुजी सुरू झाली की चिखलाचा पहिला गोळा आमच्या घरच्या माणसानं ठेवायचा. मी दहा वर्षांचा असताना ठेवला आहे. कोपरापर्यंत हात आत जातो, आणि हात बाहेर येईपर्यंत सगळा गाव गप्प उभा असतो. मास्तरांनी बाकावर उभं राहायला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं.

तर सत्तावन्न साल. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागण्यासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं. चळवळीच्या लोकांनी चाळीचाळीतून स्वयंसेवक मागितले आणि प्रत्येक चाळीनं आपला एक पुढारी निवडावा असं कळवलं. पुढाऱ्यानं मोर्चात चाळीच्या पुढं चालायचं, स्वयंसेवकांची यादी ठेवायची, पोलिसांशी बोलायचं, विभागाच्या बैठकीला जायचं. मला ते पद हवं होतं. आज लपवून काय करू, फार हवं होतं. मी आवाजानं दणदणीत, अंगानं धिप्पाड, मोर्चा एकही चुकवलेला नाही. निवड व्हायच्या आधीच मी गिरणीत जाता-येता पुढाऱ्यासारखा चालून बघत होतो.

रविवारी सकाळी चाळीच्या चौकात सभा भरली. बायका वरच्या गॅलऱ्यांतून ऐकत होत्या. अध्यक्ष म्हणजे चाळीतले एक वयस्क जॉबर, गिरणीतले मुकादम, मालवणकडचेच. त्यांनी माझं नाव काढलं. तेवढ्यात माझ्या शेजारच्या मागावर काम करणारा साताऱ्याचा गडी उठला. आम्ही दोघं रोज एका डब्यातलं खायचो आणि रोज एकमेकांची उणीदुणी काढायचो.

"माझी हरकत न्हाई," तो म्हणाला, "पर एक इचारतो. आपण मागतोय मराठी माणसाचं राज्य. आन म्होरं चालणार वलंदेज. पोलिसानं इचारलं, तुमचा पुढारी कुठला, तर काय सांगायचं? हॉलंडचा?"

चौक हसला. वरच्या गॅलऱ्याही हसल्या.

"माझ्या पणज्याच्या खापरपणज्यानं गाव वाचवलं," मी म्हटलं. "तुझ्यानं काय केलं?"

"माझ्यानं काय बी केलं न्हाई. पर तो हितलाच हुता."

"आमच्याकडे कागद आहे," मी म्हटलं. "त्यात त्याचं नाव आहे, त्यानं काय केलं ते आहे, गावानं त्याला काय दिलं ते आहे. पुढच्या रविवारी इथं वाचून दाखवतो. मग बोल."

अध्यक्ष म्हणाले, "बरां. पुढच्या रविवारी कागद आण, मग हात वर करू."

कागद होता हे खरं. पण तो मोडीत, आणि आमच्या सात पिढ्यांत मोडी वाचणारा कुणी निघाला नव्हता. त्यात नाव आहे हे आम्हाला ठाऊक होतं, कारण आम्हाला तसं सांगितलं गेलं होतं. पत्र्याच्या एका नळीत गुंडाळलेला तो कागद वडिलांनी गावाहून मुंबईला येताना बरोबर आणला होता. दसऱ्याला तो बाहेर काढायचा, पाटावर ठेवायचा, त्याला हळद-कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं आणि संध्याकाळी परत नळीत घालायचा. कागद म्हणजे तोच, मूळपुरुष, असं आमच्या घरात मानत.

गिरणीतल्या टाइमकीपरनं गिरगावातल्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. मामलेदार कचेरीत जुनी दप्तरं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. शनिवारी पाळी सुटल्यावर मी आणि वडील ट्रामनं गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ बिऱ्हाड, दाराशी रांगोळी. त्यांच्या सौभाग्यवतींनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि चहा दिला. वडील खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

गृहस्थांनी कागद खिडकीत उजेडाला धरला, भिंग लावलं आणि वरून खाली दोनदा फिरवलं.

"वरच्या भागाला हे काय लावलंय?"

"कुंकू," वडील म्हणाले.

"ते दिसतंय. इतकं?"

"दरवर्षी दसऱ्याक. आधी तुपाचा बोट, मग हळद, मग कुंकू."

"तूपसुद्धा?"

"तुपाशिवाय कुंकू चिकटणा नाय."

"आणि हे किती वर्षं चाललंय?"

"माझ्या आज्याच्या आधीपासून."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत हसायला लागले. "अहो, वाळवीनं खाल्लेले कागद मी पाहिले, उंदरांनी खाल्लेले पाहिले, पावसात भिजून लगदा झालेले पाहिले. भक्तीनं खाल्लेला हा पहिलाच. नाव पहिल्या दोन-तीन ओळींत असणार. नेमक्या त्याच ओळी तुम्ही धुऊन टाकल्यात."

"वरचो भाग म्हणजे त्याचा कपाळ," वडील हळू आवाजात म्हणाले. "कुंकू कपाळाक नाय लावूचा तर खंय लावूचा?"

गृहस्थांनी भिंग पुन्हा उचललं.

उरलेलं मात्र त्यांनी सावकाश वाचून दाखवलं. कुणा एकानं खाडीला बांध घातला, गावची खाचरं राखली, सबब त्याला आणि त्याच्या वंशाला गावकीत बसवावं, जत्रेत मान द्यावा. खालून तिसऱ्या ओळीत होतं, परका म्हणों नये. एवढी ओळ मी त्यांना परत वाचायला लावली. मग परत एकदा. ती मला पाठ झाली.

"म्हणजे तो वलंदेज," मी म्हटलं.

"म्हणजे तो परका," ते म्हणाले. "त्या काळी कुडाळचा माणूस मालवणात परकाच असे. नाव गेलं, तेव्हा तो कोण होता हे हा कागद सांगत नाही. तुम्ही त्याला कोणीही म्हणा, कागद तुम्हाला खोटं पाडणार नाही."

ट्राममध्ये वडिलांचा चेहरा एकदम मोकळा झालेला. "सुटलंस रे," ते म्हणाले. "उद्या सभेत सांग, कागद वाचून घेतलो, तेच्यात वलंदेज नाय. आमी गावचेच. लोक हात वर करतले."

"आणि आईला काय सांगायचं?"

"तुझ्या आवशीक मी सांगतंय."

घरी आल्यावर ते जे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले ते जेवायलाच उठले. आईला मीच सांगितलं. आई सून म्हणून त्या घरात आलेली, पण मूळपुरुषाची हकीकत सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक, आणि दसऱ्याचं कुंकू लावायचा हातही तिचाच, आणि तो सढळ. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"म्हणजे नाव आमीच पुसलां?"

"तूच नाही. तुझ्या आधीच्या सगळ्यांनी."

ती पुन्हा निवडायला लागली. सूप अर्धं झालं. मग म्हणाली, "गेलां तर गेलां. नाव गेलां, माणूस खंय गेलो?" आणि वडिलांच्या पाठीकडे बघून, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "आता माणसाक घालवणारे निघाले."

वडील हलले नाहीत. पण झोपलेले नव्हते, एवढं नक्की.

त्या दिवशी मी नळावर अंघोळीला गेलो तिथंही तेच डोक्यात. एक शब्द फिरवायचा होता. 'नव्हता' म्हणायचं आणि पुढं चालायचं. खोटंसुद्धा ठरलं नसतं. गिरगावच्या विद्वान माणसानं तशी मुभा दिली होती.

रविवारी चौक मागच्या वेळेपेक्षा जास्त भरला. शेजारच्या चाळीचे काहीजणही आले, कारण दोन्ही चाळींचे मिळून स्वयंसेवक निघायचे होते, म्हणून त्यांनाही हात वर करायची मुभा होती. त्यांत सूतकताईच्या खात्यात काम करणारा एक माझ्याच वयाचा होता. त्याच्या घरच्यांनी आदल्या वर्षी धम्मदीक्षा घेतली होती. आमच्या साचेखात्यात त्याच्या समाजाच्या माणसांना तेव्हा शिरकाव नव्हता, त्यामुळे गिरणी एक असून आमची ओळख मोर्चातलीच.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. कागद वाचून घेतला, नाव कुंकवानं गेलं. लोक इतके हसले की अध्यक्षांना काठी आपटावी लागली. मग बाकीचं सांगितलं, पाठ केलेली ओळही म्हणून दाखवली.

सातारकर उठला. त्या दिवशी तो चेष्टा करत नव्हता. "मग मिटलं की गड्या. नाव न्हाई, तर वलंदेज बी न्हाई. म्हण एकदा की तो आपलाच कुनीतरी हुता. पयला हात माझा वर."

तो खरंच हात वर करणार होता, मला त्याचा चेहरा माहीत होता.

"तो वलंदेजच होता," मी म्हटलं.

"कशावरनं?"

"माझ्या आईनं सांगितलंय."

"आरं, तुज्या आईनं त्याला बघितलाय व्हय?"

"तू तुझ्या खापरपणज्याला बघितलायस?"

"आमच्यात डोळे घारे निघतात," वडील मागून म्हणाले. ते कधी उठून उभे राहिले ते मी बघितलंच नव्हतं.

"घारे तर चाळीच्या मांजराचे बी हैत, बाबा."

पुन्हा हशा. अध्यक्षांनी मला जवळ बोलावलं आणि खाली आवाजात म्हणाले, "अरे, हट्ट कित्याक? एक शब्द बोल आणि मोकळो हो. मी तुझ्या बाजूनं आसंय."

"बोललो तो शब्द," मी म्हटलं. "बांध ज्यानं घातला त्याचाच मी. तो हॉलंडचा होता. गावानं त्याला परका म्हटलं नाही, मग मी कशाला त्याला दुसरा कुणी करू? हात वर करायचे तर त्याच्यासकट करा."

मग हात वर झाले. आधी सातारकरासाठी, कारण कुणीतरी त्याचंही नाव पुढं केलं होतं आणि तो नको नको म्हणत होता. तेरा हात. मग माझ्यासाठी. वडिलांचा हात होता, अध्यक्षांचा होता, चाळीतले आणखी काही. सूतकताईवाल्या त्या गड्यानंही हात वर केला.

त्याला कुणीतरी विचारलं, "तुला काय रे त्या वलंदेजाचं?"

"मला काही नाही," तो म्हणाला. "पण परका म्हणू नये असं एका गावानं लिहून दिलं, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. आमच्यासाठी असा कागद कुठल्या गावानं लिहिला नाही. ज्याच्या घरी तो आहे, त्याला माझा हात."

अध्यक्षांनी हात मोजले. माझे नऊ भरले. तेरा आणि नऊ, म्हणजे मी हरलो.

मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. जिना चढताना पाय हलके होते, हे मी जसं आठवतं तसंच लिहितो. वडील माझ्या मागून धापा टाकत चढत होते. दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाले, "हरलंस."

"हो."

"जिंकून इलं असतंस तर वरती जेवूक मिळाला नसता." आणि स्वतःशीच हसत पुढं चढायला लागले.

वर आईनं सुरमईचं कालवण केलेलं. गॅलरीतून तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं त्याचा उल्लेखही केला नाही, मला तुकडा मात्र मधला वाढला, जो एरवी वडिलांचा असे. वडिलांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. पुढच्या दसऱ्यापासून तिनं कागदाला नुसतं फूल वाहिलं. कुंकू ती नळीच्या पत्र्याला लावायला लागली. आजही आमच्याकडे तसंच लावतात. कागदाच्या उरलेल्या ओळी अजून वाचता येतात.

संध्याकाळी सातारकर आमच्या दारात आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. आत यायला लाजत होता.

"मला ह्यातलं काय बी येत न्हाई," तो म्हणाला. "यादी कुनी लिवायची? मी अंगठ्याचा मानूस."

"तेरा जणांना विचार."

"इचारलं. त्यातलं धा अंगठ्याचं हैत."

आई आतून म्हणाली, "ये रे आत, उभो काय रवलंस. चाय घे." तो आत आला, आमच्या पाटावर बसला, दोन कप चहा प्याला. यादीचं त्यानं पुन्हा काढलं नाही आणि मीही काढलं नाही. पण जाताना मी त्याला विचारलं की तू सकाळी कितीला उठतोस. तो म्हणाला, भोंग्याला. मी म्हटलं, पुढाऱ्याला ते चालत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. मी पाचाला उठलो, तोंड धुतलं, वही आणि शिसपेन्सिल घेतली आणि तळमजल्यावर जाऊन त्याच्या खोलीचं दार वाजवलं. त्याची बायको घाबरून बाहेर आली, तिला म्हटलं, वहिनी, काही झालेलं नाही, पुढाऱ्याला उठवा. तो डोळे चोळत, टॉवेल गुंडाळून आला आणि मला दोन शिव्या दिल्या. त्याला पुढं घातला आणि तळमजल्यापासून एकेक दार घेत निघालो. दार तो वाजवायचा, विचारायचा तो, लिहायचो मी. अक्षर माझं मोठं येतं, एका पानात आठच नावं बसली. पहिलं नाव कुठल्याही दारावर थाप पडायच्या आधीच लिहिलेलं होतं. ते माझं होतं.